रोमन सैन्याचा दवाखाना शेतावर जन्मला

प्रश्न असा आहे: रोमन सैन्याची वैद्यकीय व्यवस्था आजच्या लष्करी रुग्णालयांच्या तोडीची होती, असे पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते, ते कितपत खरे आहे, आणि ज्या समाजाने कित्येक पिढ्या वैद्यांकडे संशयाने पाहिले त्या समाजात अशी व्यवस्था उभी राहिली तरी कशी? मी शल्यचिकित्सक आहे. नोकरीची पहिली वर्षे लष्करी तुकड्यांबरोबर गेली, पुढची तालुक्याच्या गावी, आणि घरची शेती अजून आम्हीच करतो. रोमन वैद्यकाचे वाचन गेली अनेक वर्षे चालू आहे, आणि त्यातून माझे एक ठाम मत झाले आहे. जखमांच्या बाबतीत ही माणसे खरोखर कुशल होती, रोगांपुढे ती बहुतेक वेळा हतबल होती, आणि त्यांच्या दवाखान्याचे मूळ वैद्यांच्या शाळेत शोधण्यापेक्षा शेतावरच्या हिशेबात शोधावे.

तिबेरियस सम्राटाच्या काळात, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या पूर्वार्धात, सेल्सस नावाच्या लेखकाने लॅटिनमध्ये एक मोठा ज्ञानकोश रचला. त्यात शेती, वैद्यक, वक्तृत्व आणि युद्धकला असे विषय होते. काळाच्या ओघात बाकीचे सारे नष्ट झाले आणि वैद्यकाचे ८ खंड तेवढे उरले. त्या खंडांचे पहिलेच वाक्य असे आहे की, जशी शेती धडधाकट शरीरांना अन्न देते, तसे वैद्यक आजाऱ्यांना आरोग्य देते. शेती, औषध आणि युद्ध हे विषय एकाच माणसाने एका ओळीत बसवावेत, यात त्या काळच्या वाचकाला काहीच वावगे वाटले नसेल. रोमन गृहस्थाला या तिन्ही गोष्टी आल्याच पाहिजेत, अशी तिथली समजूत होती.

ही समजूत जुनी होती. थोरला केटो या रोमन राजकारणी गृहस्थाने इ.स.पू. १६० च्या सुमारास शेतीवर लिहिलेले पुस्तक हे लॅटिन गद्यातले आज संपूर्ण उपलब्ध असलेले सर्वांत जुने पुस्तक आहे. त्याच्या प्रस्तावनेतच तो म्हणतो की, सर्वांत शूर माणसे आणि सर्वांत दणकट सैनिक शेतकऱ्यांतून निपजतात. त्याच पुस्तकात द्राक्षमळ्याला आणि ऑलिव्हच्या बागेला माणसे किती लागतील याचा हिशेब आहे, आजारी बैलाला काय पाजावे ते आहे, आणि कोबीचे औषधी गुण तर त्याने अगदी सविस्तर सांगितले आहेत. ग्रीक वैद्यांवर त्याचा तिळमात्र विश्वास नव्हता. हे लोक औषधाच्या निमित्ताने आपल्याला मारायला निघाले आहेत, अशा अर्थाचा इशारा त्याने मुलाला दिला होता, तो थोरला प्लिनी या पहिल्या शतकातल्या रोमन लेखकाने नोंदवून ठेवला आहे. त्याच्या या रागाला एक पार्श्वभूमी होती. इ.स.पू. २१९ मध्ये आर्कागाथस नावाचा ग्रीक शल्यवैद्य रोमला आला, तेव्हा त्याला नागरिकत्व मिळाले आणि सरकारी खर्चाने दवाखाना थाटून देण्यात आला. लोक त्याला आधी कौतुकाने ‘जखमांचा वैद्य’ म्हणत. पुढे त्याची कापाकापी आणि डागण्या पाहून तेच लोक त्याला ‘खाटीक’ म्हणू लागले.

केटोचा एक उपाय माझ्या कायम लक्षात राहिला आहे. सांधा निखळला तर चार-पाच फूट लांबीचा हिरवा बोरू घ्यावा, तो मधोमध चिरावा, दोन माणसांनी दोन्ही भाग कमरेशी धरावेत, आणि ते एकमेकांना भिडेपर्यंत एक अर्थहीन मंत्र म्हणत राहावे. मग तो बोरू कापून दुखऱ्या जागी बांधावा. मंत्राचे सोडा. पण आमच्या तालुक्यात हाडवैद्याकडून बांबूच्या कामट्या बांधून आलेले रुग्ण मी शेकड्यांनी पाहिले आहेत, आणि जिथे कामट्या सैल पण नेमक्या जागी बांधलेल्या असत तिथे हाड बहुधा चांगले जुळून येई. केटोच्या शेतावरच्या बोरूनेही काही गड्यांचे हात वाचवले असतील, असे मला मनापासून वाटते.

आता धान्याकडे वळू, कारण सैन्याचे आरोग्य तिथून सुरू होते. केटो शेतावर राबणाऱ्या गुलामाला हिवाळ्यात महिन्याला ४ मोडियस गहू द्यायला सांगतो. एक मोडियस म्हणजे सुमारे पावणेनऊ लिटरचे माप, म्हणजे साडेसहा-पावणेसात किलो गहू. त्याच शतकातला ग्रीक इतिहासकार पॉलिबियस रोमन पायदळाच्या सैनिकाचा शिधा सांगतो, तो ग्रीक मापात आहे. पण रूपांतर केले की तोही महिन्याला ४ मोडियसच भरतो. शेतातला गडी आणि फौजेतला शिपाई यांना एकाच मापाने मोजले जात होते. दिवसाला सुमारे पाऊण ते एक किलो गहू दोघांच्याही वाट्याला येई, आणि शिपायाला तो पुष्कळदा स्वतःच दळावा लागे. एका तंबूत राहणाऱ्या ८ जणांत मिळून एक जाते असे.

या मापाचा जमिनीशी संबंध लावून पाहिला की फौजेचे ओझे कळते. रोमन जमीन युगेरममध्ये मोजली जाई. एक बैलजोडी एका दिवसात जेवढे नांगरील तेवढी ही जमीन, आपल्या हिशेबाने सुमारे २५ गुंठे. शब्दही परका नाही. लॅटिन ‘युगुम’, संस्कृत ‘युग’ आणि आपल्या बैलांच्या मानेवरचे जू हे एकाच कुळातले आहेत. कोलुमेला हा पहिल्या शतकातला शेतीलेखक मध्यम जमिनीत युगेरमला ५ मोडियस गव्हाचे बी पेरायला सांगतो, आणि इटलीच्या बहुतेक भागांत चौपट उतारा क्वचितच मिळतो असेही म्हणतो. हे विधान त्याने द्राक्षमळ्याची बाजू मांडताना केले आहे, म्हणून थोडे सावधपणे घ्यायला हवे. तरीही चौपट धरून चाललो, तर २० मोडियसमधून पुढचे बी काढून १५ उरतात. एका सैनिकाला वर्षाला ४८ लागतात, म्हणजे सुमारे २ एकर. आणि एक वर्षाआड जमीन पडीक ठेवायची तर ४ एकर. ५,००० जणांच्या एका लीजनला या हिशेबाने २०,००० एकर जमीन हवी, आणि ती कसणाऱ्यांच्या पोटाचा विचार यात अजून धरलेलाच नाही. पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळात अशा २८ लीजन होत्या. घोड्यांचे सातू आणि मदतनीस पलटणींचा शिधा वेगळा.

इतक्या कष्टाने पोसलेला माणूस आजारी पडून वाया जाणे कुणालाच परवडणारे नव्हते. इथे मी मुद्द्याच्या गाभ्याशी येतो. लॅटिनमध्ये इस्पितळाला ‘व्हॅलेटुडिनेरियम’ असा शब्द आहे. तो सैन्याच्या छावणीत भेटतो, तसाच कोलुमेलाच्या शेतावरही भेटतो. शेतावरची कारभारीण कशी असावी हे सांगताना तो लिहितो की, कुणी गडी दुखण्याने थकलेला दिसला तर तिने त्याला या आजारघरात आणावे, आणि तिथे कुणी रुग्ण नसला तरी ते वरचेवर उघडून झाडूनपुसून ठेवावे, म्हणजे वेळ आली की ते तयार सापडेल. रिकाम्या खाटा तयार ठेवायच्या ही सूचना वाचली तेव्हा मी थांबलो होतो, कारण इस्पितळ चालवणाऱ्या माणसालाच तिचे महत्त्व समजते. कोलुमेला स्वतः सहाव्या लीजनमध्ये अधिकारी होता. त्याने आजारघर छावणीत पाहून शेतावर आणले की शेतावरून ते छावणीत गेले, हे दोन्ही बाजूंनी मांडता येते. मी दुसरी बाजू घेतो. प्रजासत्ताकाच्या काळात सैनिक म्हणजे हंगामापुरता हत्यार धरणारा शेतकरी, आणि लढाईत तो जखमी झाला तर त्याला घरोघरी ठेवले जाई, इ.स.पू. ४८० च्या एका युद्धानंतर कॉन्सलने, म्हणजे रोमच्या सर्वोच्च अधिकाऱ्याने, जखमी सैनिक बड्या घरांत वाटून दिल्याची हकीकत इतिहासकार लिव्ही सांगतो. पुढे ऑगस्टसने कायमची फौज उभी केली. ती ऱ्हाइन आणि डॅन्यूबच्या काठी गेली आणि जवळपास शुश्रूषेला घरेच उरली नाहीत, तेव्हा घरात जी सोय होती तीच छावणीत बांधणे भाग पडले.

स्कॉटलंडमध्ये इंचटुथिल येथे पहिल्या शतकाच्या नवव्या दशकात लीजनची जी छावणी होती, तिच्यात मध्यभागी मोकळे अंगण, सभोवती बोळ आणि बोळाच्या दोन्ही अंगांना मिळून सुमारे ६० लहान खोल्या असलेली इमारत सापडली. जवळजवळ प्रत्येक सेंच्युरीला, म्हणजे लीजनमधल्या सुमारे ८० जणांच्या तुकडीला, एक खोली असा तो हिशेब दिसतो. जर्मनीत नॉयस येथे अशाच इमारतीत शल्यकर्माची हत्यारे आणि खुरासनी ओव्यासारख्या औषधी वनस्पतींचे अवशेष मिळाले. अशा आराखड्याची प्रत्येक इमारत इस्पितळच होती, हे काही अभ्यासकांना मान्य नाही. काही इमारती वखारी किंवा कारखाने असाव्यात, असे ते म्हणतात, आणि त्यांची शंका रास्त आहे. पण दवाखान्याच्या कारभारासाठी स्वतंत्र हुद्दे होते हे शिलालेखांवरून निश्चित कळते: छावणीचा वैद्य ‘मेडिकस’, पट्ट्यांची पेटी सांभाळणारा ‘कॅप्सेरियस’, आणि खुद्द इस्पितळाचा कारभारी. रोममधल्या ट्रेजन सम्राटाच्या स्तंभावर, जो इ.स. ११३ मध्ये उभा राहिला, मांडीला पट्टी बांधून घेणारा एक स्वार कोरलेला आहे. पट्टी बांधणारा माणूस इतरांसारखाच सैनिकी वेशात आहे, हे नीट पाहण्यासारखे आहे.

जखमांबद्दल मात्र मला थोडे सविस्तर सांगू द्या. सेल्ससचा सातवा खंड शल्यकर्माचा आहे. शरीरात रुतलेला बाण आला त्या वाटेने ओढून काढावा की पलीकडच्या बाजूने पुढे काढावा, हा त्याचा पहिला प्रश्न आहे, आणि तोच योग्य प्रश्न आहे. बाण वरवर असेल आणि वाटेत मोठ्या शिरा किंवा स्नायुबंध नसतील, तर आल्या वाटेने काढावा. पण तो खोल जाऊन पलीकडे थोडेच अंतर उरले असेल, तर समोरून छेद देऊन पुढे काढावा. दोन्हीकडे तोंड असलेली जखम लवकर भरते, हेही तो कारणासह सांगतो. साचलेला पू आणि मेलेले मांस बाहेर पडायला वाट हवी, हे ज्याने सडलेली जखम उघडली आहे त्याला पटवून द्यावे लागत नाही. बाणाला उलटे काटे असतील तर काय करावे? काटे लहान असतील तर चिमट्याने चेपून मोडावेत; मोठे असतील तर बोरूच्या लेखण्या चिरून त्या काट्यांवर टोपणासारख्या बसवाव्यात आणि मग बाण ओढावा, म्हणजे काटे मांस फाडणार नाहीत. केटोच्या शेतावर मंत्र म्हणत चिरलेला बोरू मला इथे पुन्हा भेटला. दोन शतकांत बोरू तोच राहिला होता, पण तो चिरणाऱ्या माणसाला आता आपण काय करतो आहोत ते नेमके ठाऊक होते.

रक्तस्राव थांबवण्याची त्याची रीतही क्रमवार आहे: आधी कोरड्या कापडाचा बोळा भरून हाताने दाब, मग थंड पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये भिजवलेला बोळा, आणि त्यानेही भागले नाही तर वाहणारी शीर पकडून दोन ठिकाणी बांधायची आणि मधे तोडायची. हे व्हिनेगर शोधायला कुठे जावे लागत नसे. आंबट दारूत पाणी घालून पिणे हे शिपायांचे रोजचेच पेय होते. शल्यवैद्य कसा असावा याविषयी तो म्हणतो की, त्याचा हात स्थिर असावा, डावाही उजव्याइतका चालावा, नजर तीक्ष्ण असावी, आणि रुग्णाला बरे करण्याइतकी कणव त्याच्यात असावी, पण रुग्णाच्या ओरडण्याने घाई होऊन कमी कापले जाईल इतकी नसावी. सेल्सस स्वतः वैद्य होता की नुसता विद्वान संग्राहक, याचा वाद जुना आहे. भूल देण्याची खात्रीची सोय नसताना किंचाळणाऱ्या माणसावर शस्त्र चालवताना हाताचे काय होते, हे ज्याने जवळून पाहिलेले नाही तो हे वाक्य लिहू शकत नाही, असे मला वाटते.

आणि तरीही लढाईतल्या जखमा ही छावणीची रोजची अडचण नव्हती. उत्तर इंग्लंडमधल्या विंडोलँडा येथे ओलसर मातीत टिकलेल्या पातळ लाकडी पट्ट्यांवर शाईने लिहिलेले कागदपत्र सापडले. त्यांत टंग्रियन लोकांच्या पहिल्या पलटणीचा १८ मे या दिवशीचा हजेरीपट आहे. साल इसवी सनाच्या ९० नंतरच्या काही वर्षांतले. एकूण माणसे ७५२. त्यांतली ४५६ बाहेरगावी कामगिरीवर. छावणीत हजर २९६. हजर असलेल्यांत आजारी १५, जखमी ६, डोळे आलेले १०. एकूण ३१ निकामी, आणि कामाला तंदुरुस्त २६५. तुकडीबरोबर असताना रोज सकाळी सिक रिपोर्टचे आकडे मी असेच वर पाठवत होतो, त्यामुळे ही पट्टी मला परकी वाटत नाही. डोळ्यांच्या रुग्णांना इतर आजाऱ्यांपासून वेगळा रकाना आहे, याचा अर्थ ही तक्रार नेहमीचीच असणार. बंद खोल्यांतला चुलीचा धूर आणि आठ जणांनी वापरलेले एकच फडके, एवढी कारणे मला पुरेशी वाटतात.

या डोळ्यांच्या दुखण्याचा एक धागा आपल्याकडे येतो. रोमन लोक डोळ्यांचे औषध वड्यांच्या रूपात ठेवत आणि वाळण्यापूर्वी त्यांवर दगडी शिक्का मारत. असे शिक्के गॉल, ब्रिटन आणि ऱ्हाइनच्या मुलुखात पुष्कळ सापडले आहेत. डोळ्यांवरच्या द्रव्यांत ‘लायकियन’ हे नावाजलेले होते, आणि औषधी द्रव्यांवर लिहिणारा ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीज याच्या मते भारतातून येणारे लायकियन सर्वांत गुणकारी. बहुतेक अभ्यासक ते दारुहळदीचे रसांजन समजतात, जे आपल्याकडे वैद्य अजून डोळ्यांसाठी सांगतात. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासपुस्तिकेत ते भरुचच्या निर्यातमालात नोंदलेले आहे, त्याच भरुचच्या, जिथे पैठण आणि तेर येथून बैलगाड्यांनी खडतर वाटेने माल उतरत असे. रसांजन विंडोलँडापर्यंत गेले असे मी म्हणत नाही. पण तिथल्या एका हिशेबात २ दिनारांची मिरी मात्र नोंदलेली आहे.

रोगांपुढे ही सारी व्यवस्था कुठे अडली, तेही शेतीतूनच समजते. इ.स.पू. ३७ मध्ये व्हॅरो या शेतीलेखकाने लिहून ठेवले होते की, दलदलीजवळ घर बांधू नये, कारण तिथे डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव वाढतात आणि नाका-तोंडावाटे शरीरात शिरून अवघड दुखणी आणतात. हे जंतूंचे ज्ञान नव्हे. हिवतापाच्या मुलुखात शेती करणाऱ्याचे निरीक्षण आहे, पण जागा निवडायला ते पुरेसे होते, आणि छावणीची जागा व पाणी निवडण्याचे नियम अशाच निरीक्षणातून आले असावेत. स्नानगृहे आणि वाहते संडास असूनही रोमन काळातल्या संडासांच्या गाळात जंतांची अंडी भरपूर सापडतात. कोलुमेला माणसाच्या विष्ठेचे खत कबुतराच्या खालोखाल चांगले मानतो. ते भाजीच्या वाफ्यात पडत असेल तर छावणी कितीही धुतली तरी जंत ताटात परत येणारच. इ.स. १६५ च्या पुढे पूर्वेकडून परतलेल्या फौजेबरोबर जी साथ आली, बहुधा देवीची, तिच्यापुढे इस्पितळांचे काहीच चालले नाही.

त्याच काळातल्या गेलन या ग्रीक वैद्याने लिहिलेली एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. शहरातले लोक सुगीनंतर गहू, सातू, घेवडे, मसूर सगळे उचलून नेत. खेड्यातली माणसे उरलेसुरले हिवाळ्यात संपवत आणि वसंतात झाडांचे कोवळे अंकुर, कंद आणि मुळे खात. मग त्यांच्या अंगावर व्रण उठत, ताप येत, पुष्कळ मरत. वर मांडलेला २०,००० एकरांचा हिशेब पुन्हा आठवा. सैन्याला वेळेवर मिळणारा शिधा आणि खेड्यातली ती उपासमार या वेगळ्या गोष्टी मानता येत नाहीत.

सैनिकाला अखेर जमीनच हवी असे. इ.स. १४ मध्ये ऑगस्टस वारला तेव्हा डॅन्यूबकाठच्या पॅनोनिया प्रांतातल्या लीजन बिथरल्या. इतिहासकार टॅसिटसने त्यांच्या पुढाऱ्याच्या तोंडी घातलेली तक्रार अशी आहे की, इतकी वर्षे राबून जो जिवंत उरतो त्याला दूर देशी नेतात आणि शेत म्हणून दलदलीचा चिखल किंवा डोंगरातले खडकाळ माळरान देतात. व्हॅरोने जिथे घर बांधू नका म्हटले होते, तीच ही जमीन. त्याच वर्षी ऱ्हाइनकाठच्या बंडखोर शिपायांनी आपला सेनापती जर्मानिकस याचा हात मुका घेण्याच्या मिषाने धरला आणि त्याची बोटे आपल्या तोंडात घातली, दात पडून बोळके झालेल्या हिरड्या त्याला हाताला लागाव्यात म्हणून. तोंडात दात न उरलेला तो शिपाई अजून छावणीच्या जात्यावर दळलेल्या गव्हाचा शिधा खात होता.

टंग्रियनांची तीच पहिली पलटण पुढे उत्तर इंग्लंडमधल्या हेड्रियन सम्राटाच्या भिंतीवर हाउसस्टेड्स येथे राहिली. तिथे तिच्या एका वैद्याचा स्मृतिशिलालेख सापडला, जो आता न्यूकॅसलच्या संग्रहालयात आहे. त्याचे नाव अनिशियस इंजेन्युअस, हुद्दा ‘मेडिकस ऑर्डिनेरियस’. हा हुद्दा सेंच्युरियनच्या, म्हणजे सेंच्युरीच्या नायकाच्या, बरोबरीचा की साध्या शिपायाचा, याचा निकाल अजून लागलेला नाही. शिळेच्या माथ्यावर एक ससा कोरला आहे, आणि खाली वय दिले आहे, २५ वर्षे. त्या वयात मी रेजिमेंटल मेडिकल ऑफिसर म्हणून पहिल्यांदा एमआय रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या तपासणी-दवाखान्यात, बसलो होतो, समोर डोळे आलेले जवान रांगेत उभे होते.